जुनी मोटार, नवें एंजिन

जुन्या वस्तूविषयीं एकत्र कुटुंबांत नेहमींच दोन पक्ष असतात. एक म्हणतो, वडीलधाऱ्यांनीं घेतलेली वस्तु आहे, तिला हात लावूं नका. दुसरा म्हणतो, वस्तु वापरण्यासाठीं असते, देव्हाऱ्यांत ठेवण्यासाठीं नव्हे. पितळी बंब किंवा शिसवी कपाट ह्यांच्यावरून हा वाद झाला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु वस्तु जेव्हां रस्त्यावर धांवणारी असते आणि तिच्यांत घरचीं लहानमोठीं पांच माणसें बसणार असतात, तेव्हां हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहात नाहीं. त्यांत पैसा येतो, कायदा येतो आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जिवाची जोखीम येते. म्हणून ह्या महिन्यांत, जुन्या मोटारींत अधिक शक्तीचें एंजिन थोडक्या पैशांत बसवितां येईल काय व बसवावें काय, ह्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न हवेंतून काढलेला नाहीं. जालना जिल्ह्यांतील बदनापूर येथें आमच्या परिचयाच्या एका घरांत तो सध्यां चालूं आहे. बदनापूर हें जालन्यापासून वीसेक व छत्रपति संभाजीनगरापासून चाळीसेक किलोमीटरांवरचें तालुक्याचें गांव. लोहमार्ग आणि हमरस्ता दोन्ही लाभलेलें. तेथील कृषि संशोधन केंद्रानें काढलेल्या 'बीडीएन' नांवाच्या तुरीच्या वाणांमुळें दूरदूरच्या शेतकऱ्यांस तें ठाऊक आहे. ह्या घरीं थोरल्या काकांनीं इ. स. १९७५ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जिला सारा महाराष्ट्र आजहि 'फियाट' ह्याच नांवानें ओळखतो ती मोटार, अंगणांतल्या पत्र्याच्या शेडखालीं उभी आहे. ती चालते, पण चढावर दम खाते आणि चार माणसें बसलीं कीं ओढत नाहीं. घरांतल्या पुतण्यानें यंत्रविद्येची पदविका घेतली आहे. यंदाच्या तुरीच्या पैशांतून एक लाख रुपये हातीं आले, तर भंगारांतून एखादें जोरकस एंजिन आणून हिच्यांत बसवावें, असा त्याचा बेत आहे. काकांना तो मान्य नाहीं. दोघांनींहि आमचें मत विचारलें आहे.

पुतण्याची हौस अकारण नाहीं. मुंबई व नागपूर ह्यांस जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जालना आणि बदनापूर ह्या दोन्ही तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन तो ठाणें जिल्ह्यांतील आमणें येथपर्यंत पुरा झाला. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. गांवाजवळून असा रस्ता जात असतां दारांतली गाडी सत्तरावर गेली कीं थरथरूं लागते, हें पंचविशींतल्या मुलास कसें सहन व्हावें ?

प्रथम ही गाडी काय आहे तें पाहूं. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईंत कुर्ला येथील तिच्या कारखान्यांतून १९४७ सालीं पहिली मोटार बाहेर पडली. १९५० नंतरच्या दशकांत इटलींतील फियाट कंपनीची '११००' ही मोटार तेथें होऊं लागली; तीच निरनिराळीं रूपें घेत १९७० नंतर 'प्रेसिडेंट' व मग 'पद्मिनी' झाली. हिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें आणि चाळीसएक अश्वशक्तीचें. गियरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर, चारी चाकांस ड्रमचे ब्रेक. ट्रकाला किंवा जीपला असते तशी निराळी लोखंडी चौकट हिला नाहीं. पत्रे एकमेकांस सांधून केलेली पेटी हाच हिचा सांगाडा. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळें ही गाडी घरोघरीं परिचित झाली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली. टॅक्सीस घालून दिलेली वीस वर्षांची मुदत भरतांच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीहि रस्त्यावरून गेली. हजारों टॅक्सींच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा व्यापार त्याबरोबर साहजिकच आटत चालला आहे. आज पद्मिनी बाळगणारा मनुष्य हौशीखातर बाळगतो, आणि हौसेचा जमाखर्च निराळा मांडावा लागतो.

आतां, जुन्या सांगाड्यांत दुसरें एंजिन घालणें हा उद्योग कांहीं केवळ गल्लींतल्या मिस्त्र्यांचा नव्हे; खुद्द कारखानदारांनींहि तो केला आहे. कुर्ल्याच्याच कारखान्यानें १९८५ च्या सुमारास '११८ एनई' नांवाची मोटार काढली. तिची पेटी इटलीच्या फियाट १२४ ची. पण आंत जपानच्या निस्सान कंपनीचें ११७१ घन सेंटिमीटरांचें, पन्नासाहून थोड्या अधिक अश्वशक्तीचें एंजिन. बंगालमध्यें उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सनें १९८४ सालीं 'कॉन्टेसा' ही ऐसपैस मोटार आणली. पेटी मूळच्या इंग्लंडांतील व्हॉक्सॉल मोटारीची, आणि एंजिन मात्र अॅम्बॅसडरचें जुनें १४८९ घन सेंटिमीटरांचें. एवढी मोठी पेटी ओढतांना त्या एंजिनाची दमछाक होई. पुढें तिच्यांत जपानच्या इसुझू कंपनीचें १८१७ घन सेंटिमीटरांचें एंजिन आलें तेव्हां कोठें त्या गाडीस तिच्या रूपाला शोभणारा वेग आला. आणि १९९० नंतर तेंच एंजिन अॅम्बॅसडरमध्येंहि बसविलें गेलें. महिंद्र कंपनीनें इगतपुरी येथें फ्रान्सच्या प्युजो कंपनीचीं डिझेल एंजिनें बनवून जीपगाड्यांत घातलीं. खेडोपाडीं तर पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कितीतरी जीपवाल्यांनीं आपलीं मूळचीं पेट्रोल एंजिनें काढून डिझेलचीं बसविलीं, हें आमच्या पिढीनें पाहिलेलें आहे.

ह्या उदाहरणांतून घेण्यासारखा बोध असा, कीं कारखानदारांनीं एकटें एंजिन बदललें नाहीं. निस्सानचें एंजिन घेतलें तेव्हां त्याचा गियरबॉक्सहि घेतला. इसुझूचें एंजिन अॅम्बॅसडरमध्यें आलें तें पांच गियरांचा नवा गियरबॉक्स बरोबर घेऊन. ज्यांच्यापाशीं यंत्रशाळा होत्या, आराखडे होते आणि पगारी अभियंते होते, त्यांनाहि एंजिनाबरोबर त्याचें बिऱ्हाड आणावें लागलें. मग एक लाखाच्या थैलींत हें काम करूं पाहणाऱ्या घरानें तर दहादां विचार करावयास हवा.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथें पाणिनीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. शब्दांत एकाच्या जागीं दुसरें येऊन बसतें त्यास 'आदेश' म्हणतात, आणि ज्याच्या जागीं तें बसतें तो 'स्थानी'. जुन्यास न हटवितां त्याच्या शेजारीं येऊन बसतो तो 'आगम'. म्हणून आगम मित्रासारखा येतो व आदेश शत्रूसारखा, असें पाठशाळांतून सांगत आले आहेत. ह्या आदेशाविषयीं पाणिनीनें दोन दंडक घातले आहेत. एक असा, कीं अनेक आदेश संभवत असतील तर स्थानीच्या अत्यंत जवळचा असेल तोच घ्यावा. दुसरा असा, कीं आदेशाला स्थानीचाच दर्जा द्यावा. मात्र जेथें कार्य प्रत्यक्ष वर्णावरच अवलंबून असेल तेथें हा दर्जा चालणार नाहीं. मोटारीच्या बाबतींत हे दोन्ही दंडक लागू पडतात. एंजिन बदलावयाचेंच तर मूळच्याशीं जवळचें नातें असलेलें घ्यावें, हा पहिला. आणि गाडीचें नांव तेंच, नंबर तोच, मालकहि तोच राहिला, तरी जेथें प्रत्यक्ष वजन, वेग व उष्णता ह्यांशीं गांठ आहे तेथें नवें एंजिन हें नवेंच असतें, हा दुसरा. ब्रेकला आरसी बुक वाचतां येत नाहीं.

पुतण्याशीं आमचें बोलणें झालें तेव्हां तो मोठ्या उमेदीनें म्हणाला, "गुरुजी, मारुति झेनचें एंजिन भंगारांत स्वस्तांत मिळतें आहे. ९९३ घन सेंटिमीटरांचेंच, पण पन्नास अश्वशक्ति देतें. आपल्यापेक्षां लहान, हलकें आणि जोरकस."

आम्हीं विचारलें, "झेनमध्यें तें बसतें कसें, उभें कीं आडवें ?"

"आडवें. पुढचीं चाकें फिरवितें."

"आणि काकांच्या गाडीचीं कोणतीं चाकें फिरतात ?"

"मागचीं," असें म्हणून तो थोडा थांबला. मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे त्याचा गियरबॉक्स कामाचा नाहीं."

मुलगा हुशार आहे. पुढचें त्यालाच दिसूं लागलें. आडवें एंजिन उभें करावयाचें म्हणजे त्याला दुसरा गियरबॉक्स शोधावा लागेल. दोहोंच्या मध्यें जोडपट्टी कातून घ्यावी लागेल. ती केसभर जरी तिरकी झाली तरी क्लच आणि बेअरिंग टिकणार नाहींत. मागें जाणाऱ्या शाफ्टाची लांबी बदलून त्याचा तोल पुन्हां साधावा लागेल. एंजिन जर कार्ब्युरेटर नसलेलें, पुढच्या काळांतलें असेल, तर त्याचा संगणक, तारांचें जाळें व विजेचा पंप हेंहि सारें बरोबर आणावें लागेल. भंगारवाल्यानें सांगितलेली किंमत ही अशा कामाची केवळ पहिली ओळ होय. त्यापेक्षां ११८ एनईचें निस्सान एंजिन नात्यानें जवळचें. तें उभें बसणारें व मागचीं चाकें फिरविणारें आहे, आणि त्याचा गियरबॉक्सहि त्याच जातीचा आहे. सापडलें तर तें गियरबॉक्स, क्लच, स्टार्टर व त्याच्या बैठका ह्यांसकट अखंड घ्यावें. सुटें घेऊं नये. तरीहि तें पद्मिनींत आपोआप बसेल असें मात्र कोणीं समजूं नये.

हें बोलणें चाललें असतां काकू आंतून आल्या व त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "गाडी पळेल हें समजलें, पण ती थांबेल का?" आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म ह्या प्रश्नांत आहे. धांवत्या गाडीच्या अंगांत सांठलेली गतिशक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग पन्नासावरून सत्तरावर नेला म्हणजे ती दीडपटीच्या आंत वाढेल असें वाटतें. प्रत्यक्षांत ती जवळजवळ दुप्पट होते. साठाचा वेग एकशेंवीस केला तर चौपट. थांबतांना ही सारी शक्ति ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन जिरावी लागते. ड्रम हा चोहोंकडून बंद असल्यामुळें त्याला वारा कमी लागतो. तो तापला कीं पकड ढिली पडते, आणि घाटांत किंवा भरधांव रस्त्यावर पायाखालचा ब्रेक ऐन वेळीं निरुपयोगी होतो. एंजिनाची शक्ति वाढविणें म्हणजे ब्रेकवरचें ऋण वाढविणें होय. आणि तें ऋण मागचीं माणसें फेडतात. १९७५ च्या गाडीस आसनपट्टे नव्हते, हेंहि विसरूं नये.

मघां आम्हीं एक वाक्य ध्यानांत ठेवावयास सांगितलें होतें : ह्या गाडीची पेटी हाच तिचा सांगाडा. पन्नास पावसाळे काढलेल्या पेटीचा तळ, दारांखालच्या पट्ट्या आणि पुढच्या चाकांवरचे पत्रे आंतून गंजलेले असतात. वरून रंग सुरेख दिसतो. ज्या जागीं एंजिनाच्या बैठका बसवावयाच्या त्याच जागीं पत्रा कुजका असेल, तर जड किंवा जोरकस एंजिनाचे हिसके तो किती दिवस सोसणार ? ह्यास्तव कोणतेंहि एंजिन पाहण्यापूर्वीं गाडी उंच उचलून तळाचा पत्रा हातोडीच्या दांड्यानें ठोकून पाहावा. टणक आवाजाऐवजीं भुसा पडला, तर पैसा कोठें घालावयाचा तें तेथेंच ठरलें.

आतां पैशाचा हिशेब. जुन्या रीतीप्रमाणें रुपयाचे सोळा आणे धरूं. एक लाखाचा आणा सव्वासहा हजारांचा झाला. आमच्या मतें ह्या कामांत एंजिन व त्याच्याबरोबरचा गियरबॉक्स ह्यांस चार आण्यांहून अधिक देऊं नये. त्यांस गाडीशीं जोडण्यास, म्हणजे बैठका, क्लच, शाफ्ट व कातकाम ह्यांस, चार आणे. ब्रेक, टायर व आसनपट्टे ह्यांस चार आणे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असेल तर तो दुहेरी करून घ्यावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकें पकडतात. रेडिएटर, पंखा, पेट्रोलच्या नळ्या व तारा ह्यांस दोन आणे. उरलेले दोन आणे गांठीस ठेवावे. असें काम ठरल्या पैशांत पुरें झाल्याचें आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. ह्या हिशेबानें पाहतां एंजिनासाठीं हातीं पंचवीस हजारच राहतात. तेवढ्यांत चांगलें एंजिन मिळत नसेल, तर ब्रेकच्या वांट्यांतून उसने न घेतां बेतच सोडून द्यावा. पुष्कळ ठिकाणीं नेमकें उलट घडतें. सारे पैसे एंजिनांत जातात, आणि 'ब्रेक पुढच्या हंगामांत पाहूं' असें म्हणून गाडी रस्त्यावर आणली जाते.

पण ह्या साऱ्याच्या आधीं विचारावयाचा एक प्रश्न आहे. जुनें एंजिन अशक्त आहे, कीं आजारी आहे ? चाळीस अश्वशक्तीचें म्हणून जें विकत घेतलें, तें पन्नास वर्षांनंतर चाळीस देतच नसतें. पिस्टनच्या कड्या झिजतात, व्हॉल्व्ह नीट मिटत नाहींत, कार्ब्युरेटरांत गाळ बसतो, ठिणगीची वेळ चुकते, सायलेन्सर काजळीनें भरतो, आणि कित्येकदां मागचा ब्रेकच सुटत नसल्यामुळें गाडी अडत असते. प्रत्येक सिलिंडरांतला दाब मोजण्याचें साधें मापक कोणत्याहि बऱ्या गॅरेजांत असतें. तासाभराचें काम आहे. दाब कमी निघाला तर सिलिंडर घासून थोडे मोठे करावे, त्या मापाचे पिस्टन घालावे व व्हॉल्व्ह नीट बसवून घ्यावे. त्याच वेळीं आणखी दोन गोष्टी साधाव्या. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशांत २००० सालापासून बंद झालें. तें शिसें जुन्या व्हॉल्व्हांच्या बैठकांचें झिजेपासून रक्षण करीत असे, म्हणून आतां त्या बैठका कठीण धातूच्या करून घ्याव्या. दुसरें, २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशभर सर्वत्र आलें. जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा त्यानें फुगतो व चिरतो. गळणारें पेट्रोल तापल्या एंजिनावर पडणें हें आगीस आमंत्रण होय. इथेनॉल सोसणारे नवे भाग आधीं घालावे.

कायद्याची बाजूहि स्पष्ट सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, गाडीचा नोंदींतील तपशील उत्पादकानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. आणि एंजिन बदलल्यास त्याची खबर चौदा दिवसांच्या आंत नोंदणी-अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. मूळ तपशील बदलतां येणार नाहीं, हेंच सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या बदलास दर बदलामागें पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. त्याच बनावटीचें, त्याच जातीचें एंजिन बदलून घेणें ही वाट तुलनेनें सरळ. निराळ्या बनावटीचें व अधिक शक्तीचें बसविणें हीच ती विसंगति. म्हणून आधीं एंजिन बसवून मग कचेरींत जाण्यापेक्षां जालन्याच्या परिवहन कचेरींत आधीं लेखी विचारावें, आणि नकार आला तर तो मानावा. अपघात झाला व एंजिनाचा नंबर जुळला नाहीं, तर विमा कंपनी हात वर करूं शकते; त्या दिवशीं वाचविलेले चार पैसे घर विकून फेडण्याची पाळी येते.

आणखी एक गोष्ट ह्या घराच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, धंद्यासाठीं न वापरलेल्या मोटारींस 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याचे नियम केले. अशा गाडीच्या नंबरांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीची फी त्या नियमांत वीस हजार रुपये व पुढील नोंदणीची पांच हजार रुपये ठेवली आहे. १९७५ च्या गाडीनें २०२५ सालीं ही पन्नाशी गांठली. परंतु अट अशी आहे, कीं सांगाडा, पेटी व एंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आज मूळ एंजिन काढून भंगारांत घातलें, तर हा मार्ग कायमचा बंद झाला. दुसरी बाजूहि सांगतों : व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणें अशा मोजक्या कामांसाठींच रस्त्यावर आणतां येते, तिच्यांतून नित्य बाजारास जातां येत नाहीं. म्हणून ती नोंदणी करावीच असें आमचें म्हणणें नाहीं. ती करण्याचा पुढच्या पिढीचा हक्क आपण आज नष्ट करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. ज्यांनीं एंजिन बदलण्याचें ठरविलेंच असेल त्यांनीं निदान पेटीचा पत्रा कापूं नये. आणि मूळ एंजिन तेल भरून, वंगण लावून, ताडपत्रींत गुंडाळून घरींच ठेवावें, म्हणजे तें कधींहि परत बसवितां येईल.

आमचें हें सारें म्हणणें आम्हीं काका व पुतण्या ह्या दोघांना एकत्र बसवून सांगितलें. काकांस आम्हीं म्हटलें, कीं गाडीस हात लावूं न देणें हेंहि तिचें रक्षण नव्हे. शेडखालीं गंजत ठेवलेली वस्तु जपली असें म्हणतां येत नाहीं. पुतण्यास म्हटलें, कीं तुझ्या हातांत विद्या आहे, तर आधीं रोग ओळख, मग औषध दे. दुसऱ्या दिवशीं त्यानें मापक आणून स्वतःच दाब मोजला. चारांपैकीं दोन सिलिंडरांचा दाब इतरांच्या मानानें बराच कमी निघाला, आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक अर्धवट धरूनच बसलेला आढळला. म्हणजे गाडी इतकीं वर्षें अर्ध्या एंजिनावर, ब्रेक दाबलेल्या स्थितींत ओढत होती.

आतां ठरलें आहे तें असें. लाख एकदम मिळणार नाहींत. काकांनीं साठ हजार कबूल केले आहेत. त्यांतून प्रथम ब्रेक, नळ्या व टायर होतील, मग मूळ एंजिन उघडून दुरुस्त केलें जाईल. तें काम पुतण्या मिस्त्र्याच्या हाताखालीं बसून स्वतः करणार आहे. निस्सानच्या एंजिनाचा विषय वर्षभर काढावयाचा नाहीं. समृद्धि महामार्गावरून नागपुरास जाणें झालें तर घरची दुसरी मोटार आहेच. फियाट जालन्यापर्यंत जाईल. तीहि डाव्या बाजूनें, साठाच्या वेगानें. काकूंनीं मात्र पट्टे आधीं बसवून घेण्याची अट घातली आहे, आणि ती दोघांनींहि निमूटपणें मान्य केली आहे.